महासत्तांची चुरस महायुद्धापर्यंत कशी पोहोचते? १९१४ चा दाखला आणि एक प्रश्न

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले आणि त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच मजकूर तिच्यावर आहे. आकडे आहेत, नावे नाहीत. यंदा गणपतीला गावी गेलो असताना माझ्या भाच्याने चुन्याच्या पुटांखाली बुजलेली ती अक्षरे ओल्या फडक्याने पुसून काढली आणि विचारले, "मावशी, हे भांडण कोणाचे होते?" सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला, हे शाळेत पाठ केलेले उत्तर मी दिले, पण देतानाच ते अपुरे असल्याचे मला जाणवले. एका खुनाचा हिशेब मागायला आमच्या गावची माणसे का गेली असतील?

तेव्हापासून या विषयावर बरेच वाचले. एकाही राजधानीला महायुद्ध नको होते असे मानणे मला भाबडेपणाचे वाटते, आणि एका देशाने ते ठरवून घडवून आणले असे म्हणून मोकळे होणेही पटत नाही. मला दिसते ते असे, की आधीची पंधरा-वीस वर्षे प्रत्येक सत्तेने आपल्या सुरक्षिततेसाठी जे जे केले, त्याने तिचेच हात एकेका गाठीने बांधले गेले. यातली निर्णायक गाठ माझ्या मते नोव्हेंबर १९१२ ची. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ग्रे आणि फ्रान्सचे राजदूत कांबाँ यांनी तेव्हा एकमेकांना पत्रे लिहिली. त्यांत युद्धाचे वचन कोणीच दिले नव्हते. मात्र फ्रेंच आरमार भूमध्य समुद्रात आणि ब्रिटिश आरमार उत्तर समुद्रात अशी वाटणी प्रत्यक्षात होत गेली, फ्रान्सचा उत्तर किनारा उघडा पडला आणि त्याची राखण ब्रिटनच्या गळ्यात येऊन पडली.

युद्ध नेमके कोणत्या क्षणी अटळ झाले, याविषयी आपली मते जाणून घ्यायला आवडेल.

दर्यावर्दी

उत्तम धागा. आपण १९१२ ची गाठ म्हणता, पण तिचा दोरा १८९८ मध्ये वळला गेला. त्या वर्षी जर्मन आरमारमंत्री टिर्पिट्झ यांनी जर्मनीचा पहिला आरमारी कायदा संमत करून घेतला आणि १९०० च्या दुसऱ्या कायद्याने ३८ युद्धनौकांचे लक्ष्य ठरले. त्यांचा हिशेब असा होता, की जर्मन आरमार ब्रिटनहून मोठे नसले तरी चालेल. ते इतके मोठे हवे, की त्याच्याशी लढताना ब्रिटनच्या सागरी वर्चस्वालाच धोका पोहोचेल आणि म्हणून ब्रिटन नमते घेईल. घडले नेमके उलटे. ज्याची सारी भिस्त समुद्रावर, अन्नधान्यसुद्धा जहाजांनी येणारे, तो देश आपल्या दारासमोर उभे राहणारे आरमार पाहून नमत नाही, तो मित्र शोधू लागतो.

फेब्रुवारी १९०६ मध्ये ब्रिटनची 'ड्रेडनॉट' ही युद्धनौका पाण्यात उतरली. तोवरच्या युद्धनौकांवर मोठ्या तोफा साधारणपणे चार असत, हिच्यावर बारा इंची दहा. तिने जगातली सगळी जुनी जहाजे एका दिवसात मागे टाकली, आणि त्यांत सर्वांत जास्त जहाजे खुद्द ब्रिटनची होती. आपली अनेक वर्षांची आघाडी ब्रिटनने आपल्याच हाताने पुसली आणि शर्यत पुन्हा शून्यापासून सुरू झाली. १९०९ मध्ये तर आठ नव्या युद्धनौका हव्यातच, अशी घोषणा ब्रिटनमध्ये सामान्य लोकांच्या तोंडी होती.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. १९१२-१३ पर्यंत ही शर्यत जर्मनी जवळजवळ हरलेला होता आणि त्याचा पैसा पुन्हा पायदळाकडे वळू लागला होता. त्यामुळे आरमारी चुरशीतून युद्ध पेटले असे मी म्हणणार नाही. युद्ध पेटलेच तर कोण कोणाच्या बाजूला उभा राहील, हे तिने ठरवून टाकले.

सरळरेघ

मला मात्र शाळेतलेच उत्तर अजून पटते. त्या दिवशी युवराजाच्या मोटारीने चुकीचे वळण घेतले नसते आणि ती नेमकी मारेकरी प्रिन्सिपसमोर थांबली नसती, तर आज आपण या विषयावर बोललोही नसतो. इतिहासातल्या योगायोगाला इतके कमी लेखू नये.

कृष्णाकाठ

सरळरेघ, योगायोग मलाही मान्य आहे. परंतु ठिणग्या त्याआधीही कमी पडल्या नव्हत्या. १९०५ मध्ये जर्मन सम्राट कैसर फ्रान्सला आव्हान देत मोरोक्कोतल्या टँजियरला उतरला, १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया खालसा केला, १९११ मध्ये मोरोक्कोतल्याच अगादीरच्या बंदरात जर्मन गनबोट येऊन थांबली आणि १९१२-१३ मध्ये बाल्कनमध्ये लागोपाठ दोन युद्धे झाली. त्या प्रत्येक वेळी आग विझली. मग जून १९१४ च्या ठिणगीलाच ती का विझली नाही, हा माझा खरा प्रश्न आहे.

पूर्वरंग

धागाकर्त्या ताई, आपण दिलेल्या यादीतच आपले उत्तर दडलेले आहे. प्रत्येक वेळी आग विझली ती कोणीतरी माघार घेतली म्हणून, आणि माघार घेणाऱ्याने मनाशी खूणगाठ बांधली की पुन्हा असे होऊ द्यायचे नाही. सर्बियाचा पाठीराखा, पण जपानकडून १९०५ मध्ये हरलेला रशिया बोस्नियाच्या वेळी लढूच शकत नव्हता. मार्च १९०९ मध्ये जर्मनीने खडसावून विचारताच त्याला मान तुकवावी लागली. तो अपमान रशियाच्या राजधानीत, सेंट पीटर्सबर्गमध्ये, कोणी विसरले नाही. अगादीरनंतर जर्मनीत आपलीच नाचक्की झाल्याची भावना होती. ज्याला आपण टळलेले संकट म्हणतो, ते दोन्हीकडच्या खात्यांवर थकबाकी म्हणून चढत होते.

येथे सगळा भर ब्रिटन आणि जर्मनी यांच्यावर पडतो आहे, तोही मला पटत नाही. बर्लिनच्या सेनानींची झोप उडवली होती रशियाने. फ्रान्सच्या कर्जावर रशियाच्या पश्चिम सरहद्दीकडे लोहमार्ग टाकले जात होते आणि रशियाचा मोठा सैन्यविस्तार १९१७ पर्यंत पुरा व्हायचा होता. जर्मन सेनाप्रमुख मोल्टके १९१४ च्या उन्हाळ्यापूर्वीच सांगत होता, की आणखी दोन-तीन वर्षांनी आपल्याला हे युद्ध झेपणार नाही. उगवत्या सत्तेला मावळत्या सत्तेशी लढावे लागते, असा सिद्धांत अथेन्स आणि स्पार्टा यांच्यापासून सांगितला जातो. येथे उगवता जर्मनीच घाबरलेला होता, कारण त्याच्यामागे आणखी एक सत्ता उगवत होती. ज्याला आपली वेळ टळून चालल्याची भीती वाटते, तो ताकदीच्या घमेंडीत असणाऱ्याहून अधिक धोकादायक असतो, असे माझे ठाम मत आहे.

जुनेकागद

पूर्वरंग यांच्या मुद्द्याला जोडून एक गोष्ट सांगतो, जी मला या साऱ्या काळातली सर्वांत बोलकी वाटते. १ जानेवारी १९०७ रोजी ब्रिटिश परराष्ट्र खात्यातल्या आयर क्रो या अधिकाऱ्याने एक प्रदीर्घ टिपण लिहिले. त्याचा जन्म लाइपझिगचा, आई जर्मन, बायको जर्मन. जर्मनी त्याला परका नव्हता. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की जर्मनी जाणूनबुजून वर्चस्वाच्या मागे आहे की त्याची वाढ दिशाहीनपणे होते आहे, याचा निकाल लावण्याची गरजच नाही. दोन्ही बाबतींत ब्रिटनला असणारा धोका सारखाच.

ज्या क्षणी आपण समोरच्याचा हेतू विचारणे सोडतो, त्या क्षणी त्याने काहीही केले तरी त्याचा अर्थ एकच निघतो. त्याने मैत्रीचा हात पुढे केला तर तो डाव, आणि गप्प बसला तर तयारी.

नुकतेच निवृत्त झालेले ज्येष्ठ अधिकारी सँडरसन यांनी त्याच टिपणाला उत्तर लिहिले. जर्मनीच्या मागण्या नव्याने मोठ्या झालेल्या राष्ट्राच्या आहेत आणि त्यांत ऐकून घेण्याजोगे बरेच आहे, असे त्यांनी सुचवले. परक्याच्या नजरेला ब्रिटिश साम्राज्य कसे दिसत असेल, हेही त्यांनी सांगितले: संधिवाताने सुजलेली हातापायांची बोटे जगभर पसरून बसलेला एक राक्षस, ज्याच्या जवळून कोणी गेले तरी तो कळवळून ओरडतो. दोन्ही कागद एकाच खात्यात होते. वजन पहिल्याचे पडले.

हिशेबवही

"ज्यांचे व्यापारी हितसंबंध गुंतलेले असतात ते लढत नाहीत" असे आजही सर्रास लिहिले जाते, म्हणून हा प्रतिसाद. ब्रिटन आणि जर्मनी एकमेकांची फार मोठी गिऱ्हाइके होती. जर्मन व्यापारी जहाजांपैकी पुष्कळांचा विमा लंडनच्या लॉइड्सकडे उतरवलेला असे, आणि युद्ध झाल्यास ब्रिटिश आरमाराने बुडवलेल्या जर्मन जहाजांची भरपाई लंडनच्याच विमेदारांना द्यावी लागेल काय, यावर ब्रिटिश सरकारच्या संरक्षण समितीत गंभीरपणे चर्चा झाली होती. इतके गुंतलेले असूनही ते लढले.

उलट व्यापारातूनच धास्ती वाढत होती. १९१३ मध्ये जर्मनीचे पोलाद उत्पादन सुमारे १ कोटी ७० लाख टन होते आणि ब्रिटनचे सुमारे ७७ लाख टन. गिऱ्हाईक श्रीमंत झाले याचा आनंद व्यापाऱ्याला होतो. सेनापतीला त्या पोलादातून तोफा दिसतात. व्यापाराने युद्ध महाग होते हे खरे, पण महाग झालेली गोष्ट लोक विकत घेतच नाहीत, असे मी माझ्या दुकानात तरी कधी पाहिले नाही.

लोहमार्ग

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. रेल्वेच्या परिचालन विभागात एकतीस वर्षे काढली, त्यांतली बरीचशी कंट्रोलमध्ये, म्हणजे टेलिफोनवरून गाड्यांची हालचाल ठरवणाऱ्या कक्षात. त्यामुळे १९१४ विषयी वाचताना माझे लक्ष राजेमहाराजांपेक्षा गाड्यांकडे जाते.

वेळापत्रक तक्त्यावर काढले की प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ होते, आणि एक रेघ हलवली की पुढच्या दहा हलतात. इंजिन कोठे बदलायचे, पाणी कोठे भरायचे, रिकामा रेक (डब्यांचा संच) कोणत्या मार्गाने परत आणायचा, हे सगळे त्या रेघांत आधीच ठरलेले असते. एका जत्रेच्या विशेष गाड्या बसवायच्या तरी आमची आठवडाभर झोप उडे. ऑगस्ट १९१४ मध्ये कोलोनच्या होहेनत्सोलर्न पुलावरून २ ते १८ तारखेदरम्यान चोपन्न डब्यांच्या २,१५० गाड्या पश्चिमेकडे गेल्या, म्हणजे साधारण दर दहा मिनिटांना एक. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो. असा आराखडा करायला वर्षे लागतात आणि तो एकाच दिशेचा असतो.

१ ऑगस्टच्या संध्याकाळी लंडनहून तार आली, तिचा अर्थ असा लावला गेला की फ्रान्सवर हल्ला न केल्यास ब्रिटन तटस्थ राहील. कैसर खूश झाला आणि त्याने मोल्टकेला सांगितले, की सगळे सैन्य पूर्वेला, रशियावर न्या. मोल्टकेने साफ नकार दिला. लक्षावधी माणसांची हालचाल ऐनवेळी बदलता येत नाही, बदलली तर उपाशी माणसांचा विस्कळीत घोळका हाती येईल, असे त्याचे म्हणणे होते. पूर्वेकडच्या चढाईचा स्वतंत्र आराखडा जर्मन सेनेच्या मुख्यालयाने १९१३ मध्येच अद्ययावत करणे बंद केले होते. म्हणजे ज्या रात्री राजाला पर्याय हवा होता, त्या रात्री तो कपाटातच नव्हता. युद्धानंतर जर्मन रेल्वे विभागातल्याच एका सेनानीने ते करता आले असते, असा दावा सविस्तर मांडला. मी माझ्या अनुभवावरून सांगतो, की कागदावर करता आले असते, पण त्या रात्री कंट्रोलच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने 'नाही' हेच उत्तर दिले असते.

रशियाकडची गोष्टही तशीच. झारने २९ जुलैला सर्व सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम दिला, कैसरची तार येताच त्याच रात्री मागे घेतला आणि ३० तारखेला पुन्हा दिला. तेव्हा सेनाप्रमुख यानुश्केविचने म्हटले होते, की हुकूम पक्का झाला की मी माझा टेलिफोन फोडून टाकीन, म्हणजे तो मागे घ्यायला कोणी मला गाठू शकणार नाही. ज्याने आयुष्यभर टेलिफोनच्या भरवशावर टक्कर टाळली आहे, त्याला हे वाक्य वाचून काय वाटले असेल, ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

दर्यावर्दी

लोहमार्गकाका, हा प्रतिसाद जपून ठेवला आहे. यात एकच भर घालतो. इतर देशांचे सैन्य गोळा होऊन सरहद्दीवर थांबू शकत होते. जर्मनीच्या आराखड्यात मात्र बेल्जियममधले लिएज पहिल्या काही दिवसांतच घ्यायचे होते, म्हणून जर्मनीची जमवाजमव म्हणजेच युद्धाची सुरुवात होती. आणि बेल्जियमच्या तटस्थतेची हमी ब्रिटनने दिलेली असल्यामुळे तेथे पाऊल टाकले की ब्रिटन आलाच.

निरंजनवात

मग क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या पेचप्रसंगातून १९६२ मध्ये जग वाचले ते कसे? तेथेही दोन महासत्ता होत्या, दोन्हींची इभ्रत पणाला लागली होती, आणि हत्यारे तर कितीतरी भयानक होती. चुरस वाढली की युद्ध ठरलेलेच, असे येथे सर्वजण मानत आहेत काय?

पूर्वरंग

निरंजनवात, मी तरी तसे मानत नाही, आणि आपण दिलेले उदाहरण योग्य आहे. तेथे तेरा दिवस मिळाले. जुलै १९१४ मध्ये ऑस्ट्रियाने निर्वाणीच्या खलित्याला उत्तर द्यायला सर्बियाला ४८ तास दिले होते. दुसरे असे, की केनेडी यांनी तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रे हलवण्याचे गुपचूप कबूल केले, त्यामुळे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांना रिकाम्या हाताने परतावे लागले नाही. पुढच्या वर्षी वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट संदेशवहनाची सोय झाली. यानुश्केविचने टेलिफोन फोडायची भाषा केली होती, यांनी तार जोडली.

उगवत्या सत्तेसाठी जागा करून दिल्याचे उदाहरणही त्याच ब्रिटनचे आहे. व्हेनेझुएलाच्या सीमेवरून १८९५ मध्ये अमेरिकेशी वाद पेटला, तेव्हा ब्रिटनने लवाद मान्य केला, आणि १९०१ च्या तहाने पनामाजवळचा कालवा एकट्याने बांधण्याचा अमेरिकेचा हक्कही कबूल केला. फ्रान्सशी सुदानमधल्या फाशोदाला १८९८ मध्ये युद्धाची वेळ आली होती, आणि सहा वर्षांच्या आत त्यांच्यात मैत्रीचा करार झाला.

सरळरेघ

पण अमेरिका साता समुद्रापार होती आणि जर्मन आरमार समोरच्या समुद्रात. ब्रिटन जर्मनीला कोणती जागा करून देणार होता? १९१२ मध्ये ब्रिटनचे युद्धमंत्री हॉल्डेन बर्लिनला बोलणी करायला गेलेच होते. युद्धात ब्रिटन तटस्थ राहील असे वचन जर्मनीने मागितले आणि बोलणी फिसकटली. काही भांडणांत देण्याजोगे काही उरलेलेच नसते. एवढे मात्र मान्य करतो, की योगायोगावरचा माझा भर लोहमार्गकाकांचा प्रतिसाद वाचून बराच कमी झाला आहे.

किनारपट्टी

त्या आठवड्यातले एक दृश्य मला विसरता येत नाही. जून १९१४ च्या अखेरीस कील येथे नौकांच्या शर्यतींचा उत्सव भरला होता आणि ब्रिटिश आरमाराच्या चार महाकाय युद्धनौका तेथे पाहुण्या म्हणून आल्या होत्या. दोन्हीकडचे खलाशी एकमेकांच्या जहाजांवर जाऊन मेजवान्या झोडत होते. २८ तारखेला कैसर आपल्या 'मेटेओर' या नौकेतून शर्यतीत उतरला असताना एक लहान बोट वेगाने जवळ आली. तिच्यातल्या आरमारी अधिकाऱ्याने सिगारेटच्या डबीत चिठ्ठी घालून ती डबी नौकेवर फेकली. युवराजाच्या खुनाची बातमी कैसरला अशी कळली.

ब्रिटिश जहाजांनी निरोप घेताना, आपण कालही मित्र होतो आणि सदैव राहू, अशा अर्थाचा संदेश दिला. त्या चौघींपैकी 'ऑडेशस' चार महिन्यांच्या आत, २७ ऑक्टोबरला, आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ जर्मन सुरुंगाने बुडाली. त्या खलाशांच्या मनात वैर होते असे मला वाटत नाही, आणि म्हणूनच हे वाचताना पोटात तुटते.

बसऱ्याचीवाट

ताई, तुमच्या भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर दर्यावर्दी यांच्या आरमारी शर्यतीतूनच निघते, म्हणून लिहितो. माझे पणजोबा ११७ व्या मराठा पलटणीत होते, त्यामुळे हा रस्ता मी बराच धुंडाळला आहे.

जर्मनीहून वेगवान जहाजे हवीत म्हणून ब्रिटनने १९१२ पासून नव्या युद्धनौका कोळशाऐवजी तेलावर चालवायचे ठरवले. कोळसा वेल्समध्ये मुबलक होता, तेल मात्र इराणात. म्हणून ब्रिटिश सरकारने बावीस लाख पौंड घालून अँग्लो-पर्शियन तेल कंपनीचा मोठा वाटा घेतला. त्याला पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाने १७ जून १९१४ रोजी मान्यता दिली, म्हणजे सारायेव्होच्या अकरा दिवस आधी. त्या तेलाचा शुद्धीकरण कारखाना अबादानला, तुर्की हद्दीच्या तोंडावर. साहजिकच तुर्कस्तान युद्धात उतरण्याच्या बेतात दिसताच तिकडे कोणाला तरी धाडायचे होते, आणि सर्वांत जवळचे सैन्य मुंबईच्या धक्क्यावर होते. पुणे डिव्हिजनची पहिली ब्रिगेड ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून निघाली. तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. ६ नोव्हेंबरला ती आजच्या इराकमधल्या फावला उतरली आणि त्याच महिन्यात बसरा हाती आला.

तेल राखायला गेलेली फौज तेथेच थांबली नाही, बगदादच्या आशेने नदीच्या वर वर सरकत गेली. पुढे कूट येथे जवळजवळ पाच महिने तुर्कांचा वेढा पडला. घोड्याचे मांस खायचे की उपाशी राहायचे, असा पेच आपल्या माणसांपुढे उभा राहिला, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी डिव्हिजनचा सेनापती टाउनशेंड याने शरणागती दिली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्या डिव्हिजनमध्ये होत्या. हिंदुस्थानातून त्या युद्धात तेरा लाखांच्या आसपास माणसे गेली आणि ७४,००० च्या आसपास परतली नाहीत.

जुनेकागद

हा दुवा माझ्याही लक्षात आला नव्हता. यात १९०७ चा ब्रिटन-रशिया करारही बसतो. हिंदुस्थानची सरहद्द निर्धोक राहावी म्हणून ब्रिटनने इराणमध्ये रशियाशी प्रभावक्षेत्रांची वाटणी करून घेतली आणि अफगाणिस्तानचा वाद मिटवला. त्यानंतर रशिया दुरावला तर ती सरहद्द पुन्हा उघडी पडेल, ही चिंता १९१४ पर्यंत लंडनमध्ये कायम होती. हिंदुस्थान राखण्यासाठी केलेल्या तडजोडीनेही ब्रिटनला या युद्धाकडेच ओढले.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे परत येते, कारण माझे मत बदलले आहे. १९१२ च्या पत्रांमुळे ब्रिटनचे हात बांधले गेले, परंतु २ ऑगस्टपर्यंत त्याचे मंत्रिमंडळ निदान वाद तरी घालू शकत होते. १९१३ मध्ये जर्मन मुख्यालयाने पूर्वेचा आराखडा बाजूला ठेवला तो शांततेच्या दिवसांत, कोणतेही संकट समोर नसताना, जर्मन संसदेला न विचारता. पुढे प्रत्यक्ष कैसरलाही त्याचे काही करता आले नाही. माझ्या लेखी युद्ध तेथे अटळ झाले. त्यानंतर फक्त तारीख ठरायची राहिली होती.

पूर्वरंग यांना हे पटणार नाही, याची कल्पना आहे.

पूर्वरंग

नाहीच पटत. आराखडा बदलत नाही हे खरे, पण तो वापरायचा की नाही हे ३१ जुलैपर्यंत माणसांच्याच हातात होते. ५ जुलैला ऑस्ट्रियाला पाठिंब्याचा कोरा धनादेश देताना बर्लिनवर कोणत्याही वेळापत्रकाची सक्ती नव्हती. वेळापत्रकावर दोष ढकलला की ती माणसे सुटतात, आणि त्यांना तसे सुटू द्यायला माझी तयारी नाही.

बसऱ्याचीवाट

ताई, एक सुचवतो. बसऱ्याच्या स्मारकावरही हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत आणि शिपायांची पलटणवार फक्त संख्या, अगदी तुमच्या चावडीसारखी. परंतु राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत शिपायांची नावे आहेत, आणि पुष्कळांच्या पुढे वडिलांचे नाव, गाव आणि तालुकाही दिलेला आहे. गावाचे नाव इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिले असणार, म्हणून तीन-चार प्रकारे शोधून पाहा.

कृष्णाकाठ

काल रात्री भाच्याला सोबत घेऊन बसले. गावाचे नाव पाच प्रकारे लिहून पाहिले. पाटीवर कामी आलेल्यांची संख्या तीन आहे, त्यांतले दोघे सापडले. एकाचे आडनाव आमच्या शेजारच्या वाड्यातले आहे. त्या घरी अजून कोणाला सांगितलेले नाही. दिवाळीला गेलो की समक्ष सांगेन. तिसऱ्याचा शोध चालू आहे.